पाचोळ्यातला बिनपंखी पानभुंगेरा: नवी प्रजाती म्हणायची तर कशाच्या जोरावर?

प्रश्न: पाचोळा_चाळणी

नमस्कार मंडळी. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या सदाहरित जंगलातला पाचोळा चाळून विंकलर पिशव्यांत (पाचोळा वाळताना किडे खालच्या बाटलीत पडतात अशा पिशव्यांत) टांगला होता. त्यातून उड्या मारणारे १४ बारीक भुंगेरे मिळाले. कुळ क्रायसोमेलिडी, म्हणजे पानभुंगेरे. मागच्या मांड्या फुगीर आहेत, म्हणून अल्टिसिनी गटात, म्हणजे पिसूभुंगेऱ्यांत, धरले आहेत. भारतीय उपखंडासाठी शेरर यांची १९६९ ची ओळख-किल्ली (लक्षणांच्या फाट्यांवरून नावापर्यंत नेणारा तक्ता) आहे, तिच्यात चालवून पाहिले, पण एका फाट्यानंतर कुठेच बसत नाहीत.

टिपलेली लक्षणं अशी: लांबी १.९ ते २.२ मिमी. अंग गोलसर, फुगीर. मागचे पंख नाहीत, इलायट्रावर (टणक पुढच्या पंखांवर) खांद्याचा उंचवटा नाही. इलायट्रावरचे ठिपके ओळींत. डोळे लहान. मिशांची शेवटची चार खंडं जाडसर. पुढच्या पायांच्या खोबण्या, म्हणजे प्रोकॉक्सल कॅव्हिटी, मागून बंद. नखं बुडाशी दातासारखी रुंद.

इतकं वेगळेपण नवी प्रजाती म्हणायला पुरेसं आहे का? आणि वर्णन लिहायला बसायचं तर क्रम काय ठेवावा? (इथे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द सर्रास अदलाबदल होऊन येतात म्हणून आधीच सांगतो.)

उत्तर १: मागची_मांडी

अगदी पहिलं काम मांडीचं. मांडी फुगीर दिसली म्हणून भुंगेरा अल्टिसिनी होत नाही. आत स्प्रिंग हवी. कीटकशास्त्रज्ञ मौलिकांनी १९२९ मध्ये जिचं सविस्तर वर्णन केलं, तीच ही टणक, वळलेली पट्टी. एका नमुन्याची एकच मागची मांडी सोडवा आणि १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साध्या तापमानाला रात्रभर ठेवा. स्नायू विरघळले की स्प्रिंग कातडीतून आरपार दिसते. तिचा फोटो आणि रेखाटन दोन्ही ठेवा, तिचा आकारही वर्गीकरणात कामाला येतो.

नावावर तर मुळीच जाऊ नका. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत ज्याला उडद्या म्हणतात तो स्केलोडोंटा स्ट्रिजिकॉलिस. इंग्रजी पुस्तकांत त्याला पिसूभुंगेरा म्हटलेलं सापडतं, पण तो युमोल्पिनी उपकुळातला आहे. खऱ्या पिसूभुंगेऱ्यांशी त्याचं जवळचं नातं नाही.

आता तुमची यादी. खरं सांगायचं तर तिच्यातली निम्मी लक्षणं एकाच गोष्टीची आहेत. उडणं सुटलं की मागचे पंख जातात. पंख गेले की खांद्याचा उंचवटा जातो, उडण्याचे स्नायू नकोत म्हणून छातीचा मागचा भाग आखूड होतो आणि इलायट्रा गोल व फुगीर होतात. पाचोळ्यात किंवा शेवाळात राहणाऱ्यांत डोळेही लहान होताना दिसतात. हा सगळा संच जगभर वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा घडला आहे. म्हणून पंख नाहीत, खांदा नाही, गोल आहे, डोळे लहान आहेत ही चार वेगळी लक्षणं धरू नका. ती एकाच सवयीची चार रूपं आहेत, आणि नात्याबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाहीत. बिनपंखी भुंगेऱ्याची उडणारी सख्खी भावंडं एखाद्या जुन्या प्रजातीत बसलेली असू शकतात.

उरतं काय? मिशा, प्रोकॉक्सल कॅव्हिटी, नखं, ठिपक्यांच्या ओळी. यांत पुढची भर घाला: दोन मिशांच्या बुडांमधलं अंतर एका बुडाच्या व्यासाच्या किती पट आहे. कपाळावरचे अँटेनल कॅलस, म्हणजे मिशांमागचे उंचवटे, कसे आहेत, त्यांना सीमा आहे की ते कपाळात मिसळले आहेत. मिशांच्या मधून खाली येणारा फ्रंटल रिज, म्हणजे कंगोरा, अरुंद आहे की पसरट. प्रोनोटमच्या (छातीच्या पुढच्या भागावरच्या ढालीच्या) पुढच्या कोपऱ्यातली गाठ आणि तिच्यातलं केसाचं छिद्र. प्रोनोटमच्या बुडाजवळ आडवी खाच आहे का आणि ती कुठे थांबते. मागच्या पायाच्या नळीच्या (टिबियाच्या) टोकाचा काटा मधोमध आहे की बाहेरच्या कडेला. मागच्या टार्ससचं (पावलाचं) पहिलं खंड नळीच्या किती हिस्सा आहे. हे शेवटचं किरकोळ वाटेल, पण लाँगिटार्सस ही प्रचंड मोठी प्रजाती मुख्यतः त्याच लांब खंडावरून ओळखतात.

आणि प्रोकॉक्सल कॅव्हिटी तुम्ही कशी पाहिलीत? पूर्ण नमुना उलटा करून पाहिली असेल तर त्या निरीक्षणावर माझा विश्वास नाही. २ मिमीच्या भुंगेऱ्यात तिथे धूळ, मेण, डिंक काहीही साचतं आणि उघडी कडा बंद भासते. किल्लीतला हा फार वरचा फाटा आहे, इथे चुकलात की पुढचं सगळं चुकतं.

उत्तर २: ग्लिसरीन

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. विच्छेदनाशिवाय पुढे जाऊ नका. २ मिमीच्या नमुन्यासाठी जमणारी पद्धत देते.

नमुना कार्डासकट गरम पाण्यात १५ ते २० मिनिटं ठेवा. पाणी उकळतं नको, उकळत्या पाण्यात मिशा तुटतात. कार्डावरून सुटला की मऊ कुंचल्याने, साबणाच्या एका थेंबाच्या पाण्यात पोटाकडची बाजू स्वच्छ करा. मग मिन्युटन, म्हणजे अगदी बारीक, सुईचं टोक वाकवून केलेला आकडा पोटाच्या बुडाशी, छातीच्या सांध्यात घाला आणि पोट अख्खं सोडवा. शेपटाकडून एडीगस (नराचं जननेंद्रिय) ओढून काढायचा मोह होतो, पण वाळलेल्या नमुन्यात तो हमखास तुटतो.

पोट १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, कोमट असेल तर ५ ते १० मिनिटं. दर दोन मिनिटांनी बघत राहा. नराचं पोट थोडं जास्त राहिलं तर एडीगस फिकट आणि लिबलिबीत होतो, वाळताना वाकतो, आणि तो वाक पुढे वर्णनात लक्षण म्हणून छापला जातो. मादीत याहून मोठं नुकसान होतं: स्पर्मथीकाची (शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीची) नळी तुटते आणि टिग्नम (पोटाच्या टोकाजवळची टणक पट्टी) इतका पारदर्शक होतो की सापडत नाही. बाहेर काढल्यावर दोनदा ऊर्ध्वपातित पाण्यात धुवा, पहिल्या पाण्यात ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब. मादीचे भाग क्लोराझोल ब्लॅकने रंगवा. अगदी फिकट द्रावण आणि थोडे सेकंद पुरतात. गडद झालं की नळीची वळणं मोजता येत नाहीत.

एडीगस तीन बाजूंनी काढायचा: पोटाकडून, बाजूने, पाठीकडून. बाजूचं चित्र गाळणारे पुष्कळ आहेत, आणि नेमका टोकाचा वाक त्याच चित्रात दिसतो. स्पर्मथीका, टिग्नम आणि व्हजायनल पाल्पी (मादीच्या जननेंद्रियाच्या टोकाची जोडी) खोलगट काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये ठेवून काढा. काम झालं की सगळं ग्लिसरीनच्या सूक्ष्म कुपीत, आणि ती कुपी त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीवर.

कोवळे, नुकतेच कोषातून निघालेले नमुने वापरू नका. रंग फिका आणि अंग दबलेलं दिसलं की बाजूला ठेवा. १४ पैकी निदान ३ नर आणि ३ माद्या उघडा. एकाच नरावरून प्रजाती उभी करणं मला पटत नाही.

प्रोकॉक्सल कॅव्हिटीसाठी: उघडलेल्यांपैकी एकाचं डोकं आणि अग्रवक्ष (छातीचा पुढचा भाग) मागच्या भागापासून वेगळं करा, पुढचे पाय काढा आणि अग्रवक्ष मागच्या बाजूने, तिरप्या प्रकाशात पाहा.

पाचोळा_चाळणी

सविस्तर उत्तरांसाठी दोघांचे आभार. तीन नर आणि तीन माद्या उघडल्या. स्प्रिंग आहे, सगळ्यांत. मात्र प्रोकॉक्सल कॅव्हिटी मागून उघड्या आहेत! डिंकाचा पापुद्रा कडेला धरून बसला होता, धुतल्यावर गेला. किल्लीत आता वेगळ्याच फाट्यावर पोचलो. तिथे चार प्रजाती उरतात आणि प्रत्येकीशी कुठे ना कुठे फारकत होते.

नवीन सापडलेलं: कपाळावर डोळ्याच्या आतल्या कडेला लागून खोल, टोकदार खाच, नर-मादी दोघांत. मेसोव्हेन्ट्राइट (छातीच्या मधल्या भागाची पोटाकडची पट्टी) जवळजवळ पूर्ण झाकलेलं, मेटाव्हेन्ट्राइटची (मागच्या भागाच्या तशाच पट्टीची) पुढची कडा त्याच्यावर येते. एडीगसच्या पोटाकडच्या बाजूला लांब पन्हळ. स्पर्मथीकाची नळी तीन वेढ्यांची. मिशांच्या बुडांमधलं अंतर बुडाच्या व्यासाच्या दीडपट.

आता नवी प्रजाती म्हणू का?

उत्तर ३: मागची_मांडी

अजून एक पायरी आहे आणि तीच सगळ्यात जास्त वेळ खाते. शेरर यांची किल्ली उपखंडापुरती आहे. तुमचा भुंगेरा भारतातून नोंदला गेला नसेल, पण त्याची प्रजाती श्रीलंका, युनान, बोर्निओ किंवा मादागास्करहून आधीच वर्णन झालेली असू शकते. अल्टिसिनीत पाचशेहून जास्त प्रजाती आहेत. १९६९ नंतरचं सगळं पाहावं लागेल. पाचोळा आणि शेवाळातल्यांपासून सुरुवात करा: शेरर यांनीच १९७४ मध्ये मांडलेली क्लॅव्हिकॉर्नाल्टिका, जिच्या नावातच गदेसारख्या मिशा आहेत, आणि जाकोबींची १८८७ ची इव्हालिया. तुमच्या यादीत जाड टोकाच्या मिशा आहेत, म्हणून क्लॅव्हिकॉर्नाल्टिका का नाही हे तुम्हाला लिहून सांगता आलंच पाहिजे.

तुलना वर्णनांशी करू नका, प्रत्येक प्रजातीच्या टाइप जातीशी करा. जुन्या प्रजातींत नंतर कोणी काय काय भरलं त्याला धरबंध नसतो, आणि प्रजातीचं नाव बांधलेलं असतं ते तिच्या टाइप जातीला. जाकोबींचा संग्रह दोन ठिकाणी विभागला गेला आहे: एक हिस्सा लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये, दुसरा बाउडिच संग्रहातून हार्वर्डच्या म्युझियम ऑफ कम्पॅरेटिव्ह झुऑलॉजीत. हार्वर्डच्या टाइप नमुन्यांचे फोटो ऑनलाइन पाहता येतात. शेरर यांनी काम केलेला फ्राय संग्रह आता बाझेलला आहे. मौलिकांचे १९१९, १९२६ आणि १९३६ चे फॉना ऑफ ब्रिटिश इंडियाचे खंड हाताशी ठेवा. तुमच्या कामाचा १९२६ चा. त्यात गटाचं नाव हाल्टिसिनी असं छापलं आहे, शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाका.

तुमच्या नव्या लक्षणांपैकी मला सगळ्यात जड वाटते ती कपाळावरची खाच. दोन्ही लिंगांत आहे, आणि पंख जाण्याशी किंवा पाचोळ्यात राहण्याशी तिचा संबंध दिसत नाही. मेसोव्हेन्ट्राइट झाकलेलं असणं दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. गोल, आटोपशीर अंगाच्या भुंगेऱ्यांत असं झाकण स्वतंत्रपणे येऊ शकतं. एडीगसचा आकार एकाच प्रजातीत जातीजातीला बदलतो, त्यामुळे पन्हळ जातीच्या वर्णनात घाला, प्रजातीच्या निदानात (वेगळेपण सांगणाऱ्या मोजक्या ओळींत) नको. स्पर्मथीकाच्या वेढ्यांचंही शेजारच्या प्रजातींतल्या दोन-तीन जाती उघडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

मग कसोटी कोणती? तुमचा भुंगेरा वेगळा काढल्यावर मागे राहिलेली जुनी प्रजाती अखंड राहायला हवी. तो जुन्या प्रजातीच्या एखाद्या जातीचाच भाऊ निघाला आणि तुम्ही त्याला वेगळं घर दिलंत, तर जुनं घर मोडतं. मग काही वर्षांनी कोणीतरी तुमची प्रजाती त्याच जुनीत विलीन करणार. एकाच जातीची प्रजाती करायला नियमाची आडकाठी नाही, पण तिथे ही कसोटी जास्त कडक लावावी.

निदान कसं लिहायचं त्याचा नमुना देतो. हे वाईट: "ही प्रजाती लहान आकार, गोल अंग आणि पंखांचा अभाव यांमुळे इतरांपासून वेगळी आहे." हे चांगलं: "कपाळावर डोळ्याच्या आतल्या कडेला लागून खोल टोकदार खाच, प्रोकॉक्सल कॅव्हिटी मागून उघड्या आणि मिशांच्या बुडांतलं अंतर बुडाच्या व्यासाच्या दीडपट, या तिन्हींच्या एकत्र असण्याने वेगळी. अमुक प्रजातीत खाच नसते आणि अंतर व्यासाइतकंच असतं. तमुक प्रजातीत खाच उथळ असते आणि कॅव्हिटी बंद." प्रत्येक शेजाऱ्याचं नाव घेऊन, प्रत्येकाशी कुठे फरक ते सांगायचं. शेवटी शेररच्या किल्लीत नेमक्या कोणत्या फाट्यावर तुमची प्रजाती घुसते ते दाखवून तेवढा फाटा नव्याने लिहा. पुढच्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच तुकडा.

उत्तर ४: जनुकवाचक

डीएनएबद्दल थोडक्यात. काही नमुने ९६ टक्के इथेनॉलमध्ये उणे २० अंशांवर असतील तर उत्तम. पोट सोडवून प्रोटिनेज के मध्ये ५६ अंशांवर रात्रभर ठेवा. स्नायू विरघळतात, द्रावणातून डीएनए मिळतो आणि उरलेलं कवच जननेंद्रियांच्या विच्छेदनाला तयारच असतं, हायड्रॉक्साइडची पायरी वाचते. नमुना नष्ट होत नाही.

सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा ६५८ बेसचा बारकोड जाती ओळखायला ठीक आहे. प्रजातीचा निकाल त्यावर लावू नका, इतक्या जुन्या फांद्यांवर त्याची ताकद संपते. शिवाय पिसूभुंगेऱ्यांत व्होल्बाकिया जिवाणूमुळे मायटोकॉन्ड्रियाचा वारसा जातीच्या सीमा ओलांडून गेल्याची उदाहरणं आहेत, अल्टिका प्रजातीत तर नक्कीच. २८एस सारखी केंद्रकातली जनुकं सोबत घ्या. डीएनएचा क्रम मिळाल्यावर मधेच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) आला तर तो केंद्रकात शिरलेला खोटा तुकडा समजून टाकून द्या. आणि या क्रमांवरून काढलेल्या वंशवृक्षाच्या झाडात शेजारच्या प्रजातींच्या टाइप जाती नसतील तर ते झाड वरच्या उत्तरातल्या कसोटीला उत्तर देत नाही, कितीही देखणं आलं तरी.

उत्तर ५: नामसंहिता

नावाचं आणि नियमांचं मी सांगते. प्राणिनाम संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे.

प्रजातीचं नाव नियमाने उपलब्ध व्हायला लेखात तीन गोष्टी लागतात: "जेन. नोव्ह." (नवी प्रजाती) असं स्पष्ट लिहिलेलं, वेगळेपण सांगणारं वर्णन, आणि टाइप जातीची निश्चिती. १९३० नंतर टाइप जाती न ठरवता छापलेलं प्रजातीचं नाव उपलब्धच होत नाही, मग भुंगेरा कितीही नवा असो. जातीसाठी होलोटाइप (जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो एकमेव नमुना) आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवणार आहे त्याचं विधान हवं. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर प्रसिद्धीआधी झूबँकेत (प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी करून तो पुरावा लेखातच छापलेला पाहिजे. लेख निघाल्यावर नोंदणी करू म्हणणाऱ्यांची नावं लटकलेली आहेत.

नाव निवडताना पूर्ण प्राणिसृष्टीत ते वापरलेलं नाही ना ते तपासा, फक्त भुंगेऱ्यांत नाही. आपल्याकडे पहिला मोह 'सह्याद्रिया'चा होतो. ते २०१३ पासून माशांचं आहे, मिस केरळ म्हणून मत्स्यालयांत दिसणारा मासा त्याच प्रजातीतला. वनस्पतीचं नाव आड येत नाही, तिची संहिता वेगळी. एका अक्षराचा फरक असला तरी नियमाने प्रजातीचं नाव वेगळं ठरतं, पण तसं नाव देऊ नका, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

लिंग ठरवून लेखात लिहा. नावाच्या शेवटी 'अल्टिका' असेल तर स्त्रीलिंग. 'सोमा' असेल तर नपुंसकलिंग, शेवटी 'आ' असला तरी. मराठी किंवा संस्कृत शब्दावरून नाव केलंत तर लिंग तुम्ही स्पष्ट सांगायचं, नाही तर शेवटच्या अक्षरांवरून ते आपोआप ठरतं. जातीचं विशेषणनाम त्याच्याशी जुळायला हवं: पुल्लिंग किंवा स्त्रीलिंग असेल तर गावाच्या नावापुढे 'एन्सिस', नपुंसकलिंग असेल तर 'एन्से'.

आणि कृपा करून ठरवलेलं नाव इथे किंवा समाजमाध्यमांवर लिहू नका. ते वर्णनाविना नुसतंच उघडं नाव म्हणून फिरत राहतं.

पाचोळा_चाळणी

खूपच उपयोग झाला. शेवटचं एक: होलोटाइप कुठे द्यायचा, आणि चिठ्ठीवर काय काय हवं? सध्या चिठ्ठीवर "सह्याद्री, पाचोळा, जून" एवढंच आहे, बाकी सगळं वहीत आहे.

उत्तर ६: नामसंहिता

जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवा टॅक्सॉन (जाती, प्रजाती असा वर्गीकरणातला गट) सापडला की नियुक्त भांडाराला कळवून नमुने तिथे जमा करायचे असतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असं भांडार आहे, आणि त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. जमा झाल्याचा नोंदणी क्रमांक हस्तलिखितात टाका. जागा अभयारण्यातली असेल तर वनविभागाची परवानगी आणि तिचा क्रमांक आभारात द्या. नमुना उसना म्हणून परदेशी पाठवायचा असेल तर त्यालाही मंजुरी लागते, आधी चौकशी करा.

चिठ्ठी आजच बदला, वही आणि टाचणी यांची ताटातूट व्हायला वेळ लागत नाही. पहिल्या चिठ्ठीवर: देश, राज्य, जिल्हा, जवळचं गाव, अक्षांश-रेखांश दशांशात, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख (महिना रोमन अंकात, म्हणजे दिवस-महिन्याची गल्लत होत नाही), पद्धत "पाचोळा, विंकलर", आणि गोळा करणाऱ्याचं नाव. दुसरी लाल चिठ्ठी: होलोटाइप, जातीचं पूर्ण नाव, लिंग, ठरवणाऱ्याचं नाव, वर्ष. ही लाल चिठ्ठी लेख स्वीकारला गेल्यावरच लावा. होलोटाइप नर निवडा आणि त्याच्या एडीगसची कुपी त्याच टाचणीवर असू द्या.

उरलेले नमुने पाठीवर किंवा पोटावर डिंक लावून चिकटवू नका. कागदाच्या त्रिकोणी टोकावर, छातीच्या उजव्या बाजूला, पाण्यात सुटणाऱ्या डिंकाचा जेमतेम टिपका. म्हणजे पुढच्या वेळी कोणाला प्रोकॉक्सल कॅव्हिटी पाहायची असेल तर पापुद्रा आड येणार नाही.